न्यास आणि ठेव : शाळेतील बालकांचे रक्षण व विश्वस्तांचे उत्तरदायित्व

(सुवर्णमहोत्सवानिमित्त राहनाळ येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या वाटचालीचा आढावा घेण्याची प्रथा आहे. मंदिर, उपाश्रय, चातुर्मास, तपस्वींचे बहुमान, दात्यांची नामावली या सर्वांचा परामर्श स्मरणिकेच्या अन्य पानांत घेतलेला आहेच. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय त्या मानाने अप्रिय आहे. मंगल प्रसंगी तो कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेकडे समाज ज्या विश्वासाने पाहतो, त्या विश्वासाची सर्वांत नाजूक बाजू हीच आहे. शाळेत, पाठशाळेत, छात्रालयात, संस्कार शिबिरात पालक आपले मूल सोडून जातो, तेव्हा तो नेमके काय सोपवून जातो आणि ज्यांच्याकडे सोपवतो त्यांच्यावर कोणते ओझे येते, हा तो विषय होय.

या परिसराचे रूप गेल्या पन्नास वर्षांत पार पालटले. एके काळची भातखाचरे गेली आणि राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, काल्हेर, कशेळी या गावांच्या शिवारात गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल साठवण्याची सोय म्हणून वाढलेला हा व्यवसाय २०१७ मध्ये मुंबईची जकात रद्द झाल्यावरही थांबला नाही, उलट अधिकच फोफावला. भिवंडीच्या यंत्रमागांनी आणि या गोदामांनी अनेक प्रांतांतील कुटुंबांना येथे आणले. त्यात व्यापारी आले, तसे हमाल, ट्रकचालक, रखवालदार, कारागीरही आले. सर्वांची मुले शाळेत जातात, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत जातात. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता ते गाव आता राहिलेले नाही. संस्थांचा कारभार मात्र पुष्कळ ठिकाणी अद्याप ओळखीवरच चालतो. अमक्यांनी सांगितले म्हणून शिपाई ठेवला, तमक्यांच्या गावचा म्हणून गाडीवाला ठेवला, असे आजही घडते.

आता 'न्यास' या शब्दाकडे वळावे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करताना, पावतीपुस्तकावर, फलकावर हा शब्द नित्य वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ 'ठेवलेली वस्तू', ठेव असा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. यांपैकी न्यासापहाराचे टीकाकारांनी केलेले विवरण सूक्ष्म आहे. ठेव ठेवणारा मनुष्य आपण किती ठेवले हे विसरतो आणि कमी मागतो. ठेव सांभाळणारा 'बरोबर आहे, तेवढेच होते' असे म्हणून तेवढेच परत करतो. येथे कोणी चोरी केली नाही, कोणी काही हिसकावले नाही. मागणाऱ्याने कमी मागितले आणि देणाऱ्याने ते मान्य केले, एवढेच. तरीही शास्त्राने त्याला अतिचार म्हटले. हे उदाहरण ध्यानात असू द्यावे, पुढे त्याचे प्रयोजन आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये याच ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे घडलेला प्रकार सर्वांना ज्ञात आहे. एका शाळेच्या शिशुवर्गातील चार वर्षांच्या दोन बालिकांवर १२ व १३ ऑगस्ट रोजी शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोप होता तो त्याच महिन्याच्या आरंभी कंत्राटावर रुजू झालेल्या सफाई कामगारावर. पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत बसावे लागले आणि गुन्हा १६ ऑगस्ट रोजी नोंदला गेला. शाळेतील सीसीटीव्हीचे सुमारे पंधरा दिवसांचे चित्रण उपलब्ध नसल्याचे पुढे शासनाकडूनच सांगण्यात आले. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिक बदलापूर स्थानकातील रुळांवर उतरले आणि लोकल गाड्या कित्येक तास खोळंबल्या. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. मुख्य आरोपी २३ सप्टेंबर रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मृत्युमुखी पडला आणि वृत्तपत्रांतील चर्चा त्या दिशेने गेली.

विश्वस्तांनी ज्याकडे लक्ष द्यावयास हवे होते तो भाग त्या गदारोळात मागे पडला. ती शाळा एका शिक्षणसंस्थेची होती, आणि संस्थेच्या अध्यक्ष व सचिवांवरही गुन्हा नोंदला गेला. प्रकार कळूनही पोलिसांना तत्काळ कळविले नाही, हा त्यांच्यावरील आरोप. १ ऑक्टोबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांचा अटकपूर्व जामीन नाकारला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. आरोपाचा निर्णय न्यायालय करील. मात्र महाराष्ट्रातील प्रत्येक संस्थाचालकाला त्या दिवशी एक गोष्ट कळावयास हवी होती : ज्याने अपराध केला तोच केवळ उत्तरदायी नव्हे, ज्याला कळले आणि जो गप्प राहिला तोही कायद्यापुढे उभा राहतो.

त्या शाळेचे नाव येथे हेतुपुरस्सर घेतलेले नाही. बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार यांपैकी ओळख उघड करणारे काहीही प्रसिद्ध करण्यास कायद्याच्या कलम २३ ने मनाई केली आहे, आणि स्मरणिका हेही छापील माध्यमच होय. मात्र छापण्याइतकीच कुजबुजही घातक असते. व्याख्यान सुटल्यावर चपला घालता घालता 'ती त्यांची मुलगी ना?' असे विचारले जाते, तेव्हा रहोभ्याख्यान आणि साकारमंत्रभेद हे दोन्ही अतिचार एकाच वाक्यात घडतात.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, म्हणजे ज्याला सर्वजण 'पोक्सो' म्हणून ओळखतात तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक बालक, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या संरक्षणात येते. कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याची भीती ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. पुरावा गोळा करा, चौकशी करा, खात्री करून घ्या आणि मग कळवा, असे कायदा म्हणत नाही. कळविले नाही तर कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविला तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड अशी वाढते. अत्याचार करणारा शैक्षणिक वा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील असेल, तर कायदा त्या अपराधाला अधिक गंभीर श्रेणीत घालतो. 'धार्मिक संस्था' हे शब्द कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. पाठशाळा, शिबिर, विहारातील सेवा, छात्रालय यांपैकी काहीही त्यातून सुटत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही या कर्तव्यावर मोहोर उमटवली आहे, आणि तो खटला महाराष्ट्राचाच. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार २०१९ मध्ये उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही पोलिसांना कळविले नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला आणि माहिती असूनही न कळविणे हा गंभीर अपराध असून तो बहुधा अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, अशा आशयाचे मत नोंदविले. वसतिगृहे काढण्याची समाजाची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. ज्या समाजाने मुलांना घराबाहेर घर दिले, त्याने राजुऱ्याचा निकाल अधिक काळजीने वाचावयास हवा.

आता ठेवीच्या उदाहरणाकडे परत यावे. एखादे मूल घरी काही सांगते. आई-वडील हादरतात. ते पोलिसांकडे न जाता आधी विश्वस्तांकडे येतात, कारण त्यांची श्रद्धा संस्थेवर आहे, आणि पुढे मुलीच्या लग्नाचे काय, समाजात तोंड कसे दाखवायचे, ही भीती आहे. ते हात जोडून म्हणतात, 'भाई, त्या माणसाला काढून टाका, एवढेच करा. बोभाटा नको.' हेच ते कमी मागणे. विश्वस्त त्यावर म्हणतात, 'तुमची इच्छा असेल तसे.' त्या माणसाला पगार चुकता करून पाठविले जाते, राजीनाम्यावर आधीची तारीख घातली जाते आणि पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या गावच्या शाळेत रुजू होतो. पहिल्या कृतीला न्यासापहार म्हणावे, दुसरीला कूटलेखक्रिया. तिसरीचे फळ मात्र कोणत्या तरी अनोळखी मुलाच्या वाट्याला येते. पालकांनी नको म्हटल्याने विश्वस्तांचे कर्तव्य संपत नाही, कारण कलम १९ मधील बंधन पालकांच्या संमतीवर अवलंबून ठेवलेले नाही. सोपविलेली वस्तू पालकांची भीती नव्हती, ते मूल होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. क्षमा हा जैन आचाराचा प्राण आहे. संवत्सरीला हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणणारा समाज एखाद्या चुकलेल्या माणसाला पोलिसांच्या हाती कसा देईल, हा तो आक्षेप. त्यामागील कोमलता खरी आहे. परंतु क्षमापनेचा व्यवहार ज्याने दुखविले आणि जो दुखावला गेला त्या दोन जीवांमधील असतो. तिसऱ्याने ती परस्पर देऊन टाकण्याची रीत कोठेही नाही. सात वर्षांच्या मुलाच्या वतीने पाच विश्वस्तांनी बंद खोलीत दिलेली क्षमा ही क्षमा नव्हे. अपराध्याने गुरूंपुढे आलोचना करावी, प्रायश्चित्त घ्यावे, तो त्याच्या आत्म्याचा विषय आहे. त्याने उद्या त्याच वर्गात, त्याच गाडीवर, त्याच मुलांसमोर उभे राहावे की नाही हा विषय वेगळा, आणि तो ठरविण्याचा अधिकार त्या बंद खोलीला नाही.

दुसरी भीती खोट्या तक्रारीची. एखाद्या निरपराध शिक्षकाचे आयुष्य उद्ध्वस्त होईल, असे म्हटले जाते. ही भीतीही निराधार म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच निवाडा संस्थेने करू नये. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच आहे. द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्याला कलम २२ मध्ये शिक्षा आहे, बालकाला मात्र त्यातून वगळले आहे. शिक्षक निर्दोष असेल तर रीतसर तपास त्याच्या हिताचाच. विश्वस्तांनी मिटवून टाकलेल्या प्रकरणात संशय त्या शिक्षकाच्या मागे आयुष्यभर राहतो आणि तो खोडण्याची संधीही त्याला मिळत नाही.

शिक्षेच्या नावाखाली होणारी हिंसा हा याच विषयाचा दुसरा पदर. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत मुलांकडून पाठ करून घेतले जातात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. मुले ते गुरेढोरे आणि नोकरचाकर यांच्या संदर्भात शिकतात. पण कोंडून ठेवणे हा बंध, छडी हा वध, वयाला न पेलणारे दप्तर आणि गृहपाठ हे अतिभारारोपण, आणि डब्याच्या सुट्टीत वर्गाबाहेर उभे करून जेवू न देणे हा अन्नपाननिरोध होय, हे शिक्षकांनाही कोणीतरी सांगावयास हवे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. केंद्र शासनाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल-अत्याचारविषयक अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलणे झाले होते. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार बसल्याचे सांगितले.

त्याच अभ्यासातील आणखी दोन आकडे अधिक अस्वस्थ करणारे आहेत. ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासाच्या स्थानावरील होते. बहुतेक मुलांनी कोणालाही सांगितले नव्हते. मुलगा आहे, त्याला काय होणार, ही समजूत आणि ओळखीचा आहे, तो काय करणार, ही समजूत, दोन्ही त्या आकड्यांपुढे टिकत नाहीत. येथे एक पथ्य पाळावे. गोदामात काम करणाऱ्या परप्रांतीय मजुराकडे संशयाने पाहणे सोपे आहे आणि तसे पुष्कळदा होते. ज्याच्यावर संस्थेने कधीच संशय घेतला नसता असाही मनुष्य या आकड्यांत आहे.

शासनाचे आदेश या संदर्भात कमी नाहीत. १० मार्च २०२२ च्या निर्णयाने प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती स्थापन करण्यास सांगितले गेले. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या निर्णयात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सहावीपर्यंत शक्यतो महिला कर्मचारी, आणि अनुचित प्रकार कळताच चोवीस तासांत वरिष्ठांना कळविणे या गोष्टी आल्या. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या समितीने उच्च न्यायालयाला शिफारशी सादर केल्या आणि मे २०२५ मध्ये शासनाने सविस्तर निर्देश काढले. कागदावर सर्व आहे. पण पुष्कळ ठिकाणी समितीचा फलक लावला जातो आणि सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसते. तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकेल त्याच्याच खिशात असते. सीसीटीव्ही लावणे सोपे आहे. त्याचे चित्रण कोण पाहते, कितव्या दिवशी पुसले जाते, बंद पडल्यास कोणाला कळते, हे विचारले की सभेत शांतता पसरते.

गाडीचाही विचार व्हावा. शाळेच्या बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी असे त्यांत म्हटले आहे. पाठशाळेच्या रिक्षाला वा शिबिराच्या भाड्याच्या गाडीला मात्र कोणी समिती लावीत नाही. गाडीवाल्याची पडताळणी कोणी केली, सर्वांत शेवटी उतरणारे मूल गाडीत किती वेळ एकटे असते, हे प्रश्न ज्या दिवशी गाडी ठरते त्याच दिवशी विचारावेत.

आणि मूल सांगू लागले तर? शांतपणे ऐकावे. 'खरे सांग, खोटे तर नाही ना?' असे विचारू नये. तेच तेच पाच जणांपुढे वदवून घेऊ नये, आणि ज्याच्याविषयी ते बोलत आहे त्याच्यासमोर त्याला उभे करण्याचा अविचार तर कदापि करू नये. त्याने वापरलेले शब्द तसेच, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत, कपडे धुऊ नयेत, आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. राहनाळ परिसरासाठी ते ठाणे नारपोलीचे. पोलिसांची वर्दी पाहून मूल घाबरेल ही काळजी कायद्यानेही केली आहे : जबाब मुलाच्या घरी वा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, पालक अथवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असताना घ्यावयाचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पालकांना हे आधीच ठाऊक असते तर पुष्कळ घरांत दार लावून रडत बसण्याऐवजी पाऊल बाहेर पडले असते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्था नव्या फलकांची योजना करीत असेलच. त्यांत एक छोटा फलक पाठशाळेच्या दारापाशी असावा. त्यावर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक, त्याखाली ११२, आणि मूल ज्यांच्याशी बोलू शकेल अशा दोघांची नावे असावीत. त्यांपैकी एक तरी महिला असावी आणि एक तरी विश्वस्तांच्या नात्यातील नसावी. दात्यांच्या नावांचा फलक छताजवळ लावतात, तो योग्यच आहे. हा मात्र जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर लावावा, म्हणजे पहिलीतील मुलाला टाचा उंच न करता वाचता येईल.